सहा वाजताची पिग्मी

माणसाला निवृत्तीनंतर एखादा छंद असावा, असं केयूरने आपल्या वडलांना फोनवर सांगितलं. पुढे काय होणार आहे याची कल्पना असती तर त्याने त्यांना सरळ एक बुलबुलतरंग घेऊन दिला असता. पण केयूर पुण्याला, वडील सोनपेठला, आणि एवढ्या लांब बुलबुलतरंग धाडण्यापेक्षा व्हिडिओ धाडणं सोपं. त्याने व्हिडिओ धाडला. त्यात कोट घातलेला एक तरुण माणूस 'तुमचा पैसा झोपलाय, त्याला उठवा' असं बजावत होता. उद्धवराव चारठाणकरांनी तो जेवता जेवता पाहिला, हात धुऊन पुन्हा पाहिला, आणि आपला पैसा गेली कित्येक वर्षं घोरत पडलेला आहे अशी त्यांची खात्री पटली.

उद्धवराव सोनपेठच्या एका शाळेत हेडक्लार्क होते. शाळेच्या पैशाचा हिशोब त्यांनी जन्मभर चोख ठेवला आणि घरच्या पैशाचा लीलाबाईंनी. (स्वतःचा पगार किती, हे उद्धवरावांना वर्षातून एकदा, कुठलासा फॉर्म भरताना कळायचं.) लीलाबाई सुनेच्या बाळंतपणासाठी दोन महिन्यांकरता म्हणून पुण्याला गेल्या. नात झाली, तिचं नाव स्वरदा ठेवलं, ती पालथी पडली, रांगली, तिला दात आले, ते दात तिने आजीच्या दंडात रोवून तपासूनही पाहिले. सून मधुवंती परत नोकरीवर जाऊ लागली. लीलाबाईंचे दोन महिने मात्र काही संपेनात. 'जा ग, मी काय कुक्कुलं बाळ आहे का,' असं त्यांना बसमध्ये बसवताना उद्धवरावच म्हणाले होते. बसस्टँडवर चार लोकांसमोर म्हणाले होते, त्यामुळे आता ते परत घेता येत नव्हतं.

दिवसाचं काही वाटायचं नाही. भाजी, पेपर, दुपारची झोप यात दिवस कसातरी ढकलला जायचा. अडचण संध्याकाळची होती. सहाच्या सुमाराला शेजारीपाजारी मिक्सर फिरायचा, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, कुणीतरी कुणाला 'आहो, ते पातेलं उतरवा' म्हणून ओरडायचं. आपल्याला पातेलं उतरवायलाही कुणी सांगत नाही, याचं उद्धवरावांना फार वाईट वाटायचं. मग ते टीव्ही लावायचे. टीव्हीतली माणसं पुष्कळ बोलायची, पण एकमेकांशीच.

अशा रिकाम्या घरात छंद शिरला, तो पाय पसरूनच बसला. उद्धवरावांनी लीलाबाईंचे स्टीलचे डबे फडताळातून खाली काढले. तूरडाळ पातेल्यात गेली, साखर तांब्यात गेली, आणि मोकळ्या डब्यांवर 'आकस्मिक निधी', 'दीर्घ मुदत', 'आरोग्य' अशा चिठ्ठ्या चिकटल्या. किरकोळ खर्चाचा निधी हिंगाच्या डबीत होता. त्यातली नोट हातात पडली की भाजीवाली आधी नोटेचा वास घ्यायची आणि मग उद्धवरावांकडे बघायची. उद्धवराव तिला महागाईचा दर समजावून सांगायचे.

"काका, दर काय लावायचा ते लावा," ती म्हणायची, "पर मेथी दाबून बघू नका."

पोस्टात आरडी सुरू झाली. मोबाईलवर एसआयपी सुरू झाली, ती नेमकी कशाची हे उद्धवरावांना सांगता आलं नसतं, पण ती सुरू झाली याचा त्यांना अभिमान होता. कोटवाल्या तरुणाने सांगितल्याप्रमाणे त्यांनी खर्चाची सदरं पाडली, प्रत्येक सदराला मर्यादा घातली, आणि नेमका त्याच आठवड्यात लीलाबाईंचा फोन आला.

"आहो, मधुवंतीची आई आठ दिवस यायलीय इकडं. तेवढ्यात मी घरी येऊन जाऊ का?"

उद्धवरावांच्या मनात आलं, आत्ताच्या आत्ता ये म्हणावं. पण छंद ताजा होता, आणि ताज्या छंदापुढे माणसाला काही सुचत नाही. ते म्हणाले, "थांब, जरा बघू दे. ट्रॅव्हल्सचं स्लीपर, जायचं अन् यायचं. त्याच्यावर दोन्हीकडची रिक्षा. वाटेतला चहा-नाष्टा..."

"आहो, मी कुठं ट्रॅव्हल्सनं यायलेय? मी आपली एसटीनं..."

"माझं होऊ दे आधी. प्रवासाचं सदर भरलंय, लीला. तुला यातलं कळत नाही. हे बजेटमधे बसत नाही. दिवाळीला बघू."

"बरं," लीलाबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांच्या संसारात लीलाबाईंच्या 'बरं'चे सगळे प्रकार उद्धवरावांना पाठ झाले होते. हे 'बरं' त्यातलं नव्हतं. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ मोबाईल हातात घेऊन बसले. परत फोन करावा, चुकलो म्हणावं, ये म्हणावं, असं त्यांना दोनदा वाटलं. पण नुकतंच एवढं ठणकावून सांगितलेलं लगेच गिळायचं कसं? वाचलेले पैसे त्यांनी 'दीर्घ मुदती'च्या डब्यात घातले आणि झाकण लावलं. त्या संध्याकाळी घर त्यांना फार मोठं वाटलं. घर तीन खोल्यांचंच होतं.

परमेश्वर भेटला तो दुसऱ्या दिवशी. (नाव परमेश्वर, गाव सोनपेठच.) तो एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट होता. पिग्मी म्हणजे रोजची बचत. दुकानदार, टपरीवाले, हातगाडीवाले संध्याकाळी गल्ल्यातले पन्नास-शंभर बाजूला काढतात. एजंट दारात येतो, पैसे घेतो, गळ्यातल्या मशीनमधून चिटोऱ्याएवढी पावती फाडून देतो आणि पुढच्या दुकानाकडे जातो. परमेश्वर समोरच्या किराणा दुकानात रोज यायचा. उद्धवरावांनी त्याला ओट्यावरून हाक मारली.

"काका, पिग्मी दुकानवाल्यांसाठी असती," परमेश्वर म्हणाला. "तुमी पेन्शनर. तुमची रोजची कमाई कुठं हाय?"

"रोजचा खर्च तर आहे ना? त्यातलं वाचवायचं. शिस्त लागते माणसाला. ये, बस. चहा टाकतो."

परमेश्वर बसला, कारण दिवसभर मोटारसायकलवर फिरून त्याची पाठ धरली होती. त्याने पन्नास रुपये घेतले, पावती दिली, चहा घेतला आणि आपल्या आईच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. उद्धवरावांनी निर्गुडीच्या पाल्याचा शेक सांगितला. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं झाली असतील. पण परमेश्वर गेल्यावर दोन कपबशा विसळायला पडल्या होत्या. कितीतरी दिवसांनी दोन.

दुसऱ्या दिवशी सहाच्या आधीच उद्धवरावांनी शर्ट बदलला आणि चहाचं आधण ठेवलं.

हे असंच चालतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण पेठेतली दुकानं बंद असतील त्या दिवशी परमेश्वर यायचा नाही, आणि त्या दिवशी आधण आटून जायचं. तेव्हा कोटवाल्या तरुणाचं आणखी एक वाक्य उद्धवरावांना आठवलं: सगळा पैसा एकाच जागी ठेवू नये. त्याला डायव्हर्सिफिकेशन म्हणतात. उद्धवरावांनी गावातल्या दुसऱ्या एका पतसंस्थेत खातं उघडलं, आणि तिचा एजंट लिंबाजी यायला लागला. व्याज लिंबाजीच्या संस्थेचं सगळ्यात कमी होतं, पण लिंबाजी बोलायचा सगळ्यात जास्त. तिसऱ्या संस्थेची सुकेशनी कमी बोलायची, पण ऐकायची फार छान. उद्धवरावांनी दोन्हीकडे गुंतवणूक केली.

पन्नासच्या गिऱ्हाइकाकडे एजंट उभ्यानेच चहा घेतो आणि शंभरच्या गिऱ्हाइकाकडे टेकतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी तिन्ही भरणे शंभरवर नेले. पुढे त्यांनी बँकेतून चिल्लर आणायला सुरुवात केली. शंभराची नोट दिली की व्यवहार क्षणात उरकतो. एक-दोन रुपयांची नाणी दिली की माणसाला बसून मोजावी लागतात, आणि मोजता मोजता चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

"काका, तुमाला मारुतीच्या देवळाची दानपेटी मिळालीय का?" लिंबाजीने एकदा विचारलंच.

"मोज रे," उद्धवराव म्हणाले, "घाई कशाची? तर मी काय सांगत होतो, आमची लीला आंबट वरण करते ना, त्यात गूळ नंतर घालते, आधी नाही."

असे महिने गेले. लीलाबाईंचं आंबट वरण, त्यांची एकामागून एक येणारी शिंक, चारठाण्याच्या जुन्या देवळात प्रदक्षिणा घालताना हरवलेली त्यांची चप्पल, हे सगळं तिन्ही एजंटांना तोंडपाठ झालं. लीलाबाईंचा फोनही यायचा, पण स्वरदा झोपलेली असताना, दबक्या आवाजात. जेवलात का, गोळी घेतली का, आणि मग आतून रडण्याचा आवाज आला की 'ठेवते'. येते मात्र त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. उद्धवरावांनी ये म्हटलं नाही. जो तो आपापल्या जागी घट्ट बसून होता.

आणि मग उद्धवरावांच्या आर्थिक नियोजनात एक चमत्कारिक गोष्ट झाली. पैसे सगळीकडे होते, फक्त हातात नव्हते. आरडी, एसआयपी, तीन पिग्म्या आणि डबे भरून झाले की वीस तारखेला पेन्शन संपायची. डब्यांना हात लावायचा नाही हा तर नियमच होता. शेवटचे दहा दिवस उद्धवराव पिठल्यावर काढायचे, तेही कांद्याशिवाय. पण पिग्मी चुकवायचे नाहीत. चुकवली आणि उद्या कुणी आलंच नाही तर?

"परमेश्वर, आज जमत नाही बघ," एकदा ते दारात उभे राहून म्हणाले. "उद्या दोन दिवसांचे एकदम देतो."

"न्हाई दिले तरी चालतेत काका. उद्या येतो की."

"नाही, नाही, खंड पडू द्यायचा नाही. तुझ्या खिशातले घाल आज. उद्या तुझे तुला."

हे बोलणं समोरच्या कमलबाईंनी ऐकलं. कमलबाईंच्या घराचा दरवाजा उद्धवरावांच्या दारासमोर होता आणि तो कधी लागत नसे. खांद्याला बॅगा अडकवलेली तीन तीन माणसं भाऊजींच्या दारात रोज येतात, भाऊजी त्यांना नाणी मोजून देतात, वर चहा पाजतात, आणि स्वतः बिनकांद्याचं पिठलं खातात, हे त्या बरेच दिवस पाहत होत्या. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं.

"भाऊजी, हे लोक रोज कशाला येतेत?"

"पैसे न्यायला," उद्धवराव खुशीत म्हणाले.

"अन् तुमी देताव?"

"द्यायलाच पाहिजे. छंद लागलाय, कमलबाई. एकदा लागला की सुटत नाही."

"वैनीला ठावं हाय?"

"छे. तिला कळलं तर म्हणेल, या वयात हे काय नवीन."

कमलबाईंचा चेहरा पडला. त्यांच्या दिराने असल्याच एका छंदापायी ट्रॅक्टर घालवला होता, आणि त्याच्याही दारात वसुलीला बॅगवाले असेच यायचे. संध्याकाळी त्यांनी वांग्याच्या भाजीची वाटी पाठवली. शेजार चांगला आहे, असं म्हणत उद्धवरावांनी ती पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी लीलाबाईंचा फोन आला. आवाज दबका नव्हता.

"मला खरं खरं सांगा. किती झालेत?"

लीलाबाईंना हे कुठून कळलं ते उद्धवरावांना कळेना, पण शेवटी कुणीतरी विचारलं याचा आनंद झाला. "तिन्हीकडचे मिळून? सत्तेचाळीस हजार."

"देवा. अन् रोज द्यावे लागतेत?"

"रोज. एक दिवस चुकवत नाही मी."

"केयूरला माहीत आहे?"

"नाही. दिवाळीला एकदम सांगून त्याला चकित करणार होतो."

"तुमी काही करू नका," लीलाबाई म्हणाल्या. "कुणाला काही कबूल करू नका, कशावर सही करू नका. मी यायलेय."

उद्धवराव फोनकडे बघत राहिले. बचतीचं एवढं मनावर घेण्यासारखं काय होतं, ते त्यांना उमजेना. ते उमजलं कमलबाई ओट्यावर आल्या तेव्हा.

"वैनीला मीच सांगितलं, भाऊजी. राग धरू नका. तकादेवाले दारात यायलेत म्हणल्यावर गप बसवंना मला. कर्जच हाय, फिटतंय. माणूस खचला न्हाई पायजे."

उद्धवरावांनी तोंड उघडलं. अहो, कर्ज कसलं, जमा आहेत, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. ते वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच थांबलं. कारण हे म्हटलं की कमलबाई फोन करणार, लीलाबाई सुटकेचा निःश्वास टाकणार, भरलेली पिशवी रिकामी करून ठेवणार आणि पुण्यातच राहणार. न म्हटलं तर उद्या त्या घरी येणार. जन्मात कुणाचा एक रुपया न बुडवलेल्या माणसाने त्या दिवशी कर्जबाजारी व्हायचं ठरवलं. लीला दारात येईपर्यंत फक्त, असं त्यांनी मनाला समजावलं. मग तिघा एजंटांना फोन करून त्यांनी सांगितलं, "घरी बायको यायलीय. काही दिवस येऊ नका."

स्वरदाला मधुवंतीच्या आईवर सोपवून लीलाबाई आल्या. हातात पिशवी, डोळे प्रवासाने लाल. त्यांनी उंबऱ्यातूनच बोलायला सुरुवात केली, ते बोलणं देवापुढे हात जोडताना थोडं थांबलं आणि स्वयंपाकघरात पुन्हा सुरू झालं. तूरडाळ पातेल्यात का? तांब्यात मुंग्या कशा? ही दहाची नोट हिंगात का घातली? चिठ्ठ्या टराटरा निघाल्या, डाळ आपल्या डब्यात गेली. उद्धवराव दारात उभे राहून सगळं ऐकत होते. बोलणी खाताना इतकं समाधान पावलेला माणूस सोनपेठमध्ये दुसरा झाला नसेल.

"आहो, ते पातेलं उतरवा," लीलाबाई आतून म्हणाल्या.

उद्धवराव जवळजवळ धावत गेले.

लीला दारात येईपर्यंतचा वायदा 'चहा होईपर्यंत'वर गेला, 'जेवण होईपर्यंत'वर गेला, आणि मग उद्यावर. आंबट वरण झालं. संध्याकाळी सहा वाजता घरात कुकर वाजला, तो त्यांचा स्वतःचा. लीलाबाई मधूनच येऊन समोर बसायच्या आणि त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघायच्या.

"तुमच्या तोंडावर काळजी कशी दिसत नाही?"

उद्धवराव तोंडावर काळजी आणायचे. ती फार टिकायची नाही.

पण मनात आता डाचत होतं. लीलाबाई झोपेत कण्हायला लागल्या होत्या. केयूरशी फोनवर बोलताना 'तू काही बोलू नकोस त्यांना, आधीच एकटे पडलेत' असं त्या म्हणाल्याचं उद्धवरावांनी ऐकलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. उद्या नक्की सांगू, असं त्यांनी ठरवलं. तो उद्या आला, संध्याकाळ झाली, आणि लीलाबाईंनी कपाटातून एक रुमाल आणून त्यांच्यासमोर सोडला. त्यात त्यांच्या पाटल्या होत्या.

"ह्या मोडू," त्या म्हणाल्या. "मला काय करायच्यात आता? स्वरदा नुसती चावती त्याला."

"लीला, ह्या ठेव आत. मला तुला काही..."

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. तिच्या मागे दुसरी. परमेश्वर, लिंबाजी आणि सुकेशनी असे तिघंही एकदम ओट्यावर चढले. काकांनी येऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते त्यांनी दोन दिवस पाळलं होतं. पण ज्यांच्या आंबट वरणाबद्दल आणि शिंकांबद्दल इतके महिने ऐकलं त्या काकू गावात आल्यात आणि आपण त्यांना बघायचंही नाही, हे तिघांनाही पटेना. सुकेशनीच्या हातात पेरूची पिशवी होती.

लीलाबाईंनी तीन बॅगा पाहिल्या. त्या उठल्या, पदर सावरला आणि दारात जाऊन त्यांनी हात जोडले.

"बाबांनो, तुमचा एक पैसा बुडणार नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या दारात असं रोज येऊ नका. थोडी मुदत द्या."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग लिंबाजीने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे आणखी कुणी आहे का ते.

"काकू, तुमी हात कशाला जोडायलाव?" परमेश्वर म्हणाला. "मुदत कशाची?"

"सत्तेचाळीस हजारांची."

"काकू, ते आमचे न्हाईत," सुकेशनी हळूच म्हणाली. "ते तुमचेच हायत. जमा हायत. पिग्मी हाय काकांची."

समोर कमलबाईंचा कधी न लागणारा दरवाजा हळूच लागला.

लीलाबाई वळल्या. उद्धवराव पाटल्यांच्या रुमालासमोर तसेच बसले होते. "पिग्मी?" त्या म्हणाल्या. "दुकानदार भरतेत ती? तुमचं कोणतं दुकान आहे?"

"त्याचं असं आहे," उद्धवरावांनी घसा साफ केला, "सगळा पैसा एका जागी ठेवू नये. त्याला डायव्हर्सिफिकेशन..."

"काका, राहू द्या," लिंबाजी म्हणाला. तो बोलका होताच. "काकू, मी सांगतो. एवढ्या गिऱ्हाइकांकडं मी जातो, पर असा भरणा कुठं बघितला न्हाई. एका मिनिटाचे पैसे, अन् अर्धा तास तुमचं कौतुक. तुमची चप्पल चारठाण्याला कोणत्या खांबापाशी हरवली, हे मला झोपेत विचारा."

लीलाबाई उद्धवरावांसमोर येऊन खाली बसल्या. उद्धवरावांना डायव्हर्सिफिकेशनच्या पुढचं काही आठवेना. कोटवाला तरुण अशा वेळी काय म्हणाला असता, कोण जाणे.

"सहा वाजले की घर खायला उठतं, लीला," ते म्हणाले. तीन परकी माणसं समोर होती, तरी ते म्हणाले. "हे येतात, चहा घेतात. दोन कपबशा विसळायला पडतात. बरं वाटतं."

लीलाबाईंनी रुमालाच्या गाठी मारल्या. एक मारली, सोडली, परत मारली. "अन् मी तिकडं बाराव्या मजल्यावर," त्या म्हणाल्या. "लिफ्टमधे कुणी 'कशा हाव' सुद्धा म्हणत नाही. मी येते म्हणाले होते ना?"

"म्हणाली होतीस."

"मग?"

"खर्च..." उद्धवराव पुटपुटले.

लीलाबाईंनी परमेश्वराकडे पाहिलं. त्या घरखर्च चालवलेल्या बाई होत्या, त्यांना पाल्हाळ चालत नसे. "ही खाती आज मोडली तर काय मिळतं रे?"

परमेश्वर कसानुसा झाला. "वर्षाच्या आत मोडलं तर व्याज न्हाई, काकू. वरून कमिशन कापतेत. तिन्हीकडचे मिळून दीड-पावणेदोन हजार जातील."

"म्हणजे भरले त्यापेक्षा कमी येणार."

"हां."

"इतके महिने छंद करून."

"हां काकू," परमेश्वर जमिनीकडे बघत म्हणाला. गावातला पानटपरीवालासुद्धा पिग्मीत चार पैसे कमावतो. पिग्मीत तोटा काढून दाखवणारे उद्धवराव पहिलेच असावेत.

लीलाबाई उठल्या, खुंटीवरची पिशवी काढली, तिच्या आतल्या कप्प्यातून एक चुरगळलेला कागद काढला आणि उद्धवरावांच्या हातात दिला. ते पुणे ते परळी एसटीचं तिकीट होतं. (सोनपेठला यायचं तर परळीला गाडी बदलावी लागते.) उद्धवरावांनी चष्मा लावून आकडा वाचला. चष्मा पुसून परत वाचला.

"एवढंच?" ते म्हणाले. "अर्धंच कसं?"

"काका, बायकांला एसटीत अर्धं तिकीट हाय," सुकेशनी म्हणाली. तिच्या आवाजात कीव होती. "कवाचं झालंय. लेकरांला सुद्धा ठावं हाय."

"त्या दिवशी तेच सांगत होते," लीलाबाई म्हणाल्या. "तुमी म्हणालात, तुला यातलं कळत नाही. तुमचे जे पावणेदोन हजार जायलेत, त्यात मी दोन-तीनदा येऊन-जाऊन झाले असते. वर पाटल्या मोडायची पाळी आली नसती ती वेगळीच."

उद्धवराव तिकिटाकडे बघत राहिले. त्यांच्यातला छंदिष्ट अजून पुरता मेला नव्हता, त्याने मान वर काढली. "म्हणजे असं बघ, दर खेपेला अर्धे पैसे वाचतात. तू जितक्या जास्त वेळा येशील तितकी आपली बचत..."

"ते गणित राहू द्या," लीलाबाई म्हणाल्या. "सरळ म्हणा काय म्हणायचं ते. ये म्हणायला पैसे पडत नाहीत."

परमेश्वराने मशीनचं बटण उगाच दाबलं. सुकेशनी पेरूच्या पिशवीची गाठ सोडायला लागली. बसस्टँडवर चार लोकांसमोर 'जा' म्हणणं उद्धवरावांना किती सोपं गेलं होतं.

"येत जा," ते शेवटी म्हणाले. "दर महिन्याला. करमत नाही मला."

लीलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, तो तसाच नाकाला लावला, एकामागून एक तीन शिंका दिल्या आणि तिकीट त्यांच्या हातातून परत घेऊन पिशवीत ठेवलं. एजंटांना त्या शिंका ओळखीच्या वाटल्या. मग त्या पाच जणांचा चहा टाकायला आत निघाल्या.

"अगं, येशील ना?" उद्धवरावांनी मागून विचारलं.

"बघते," लीलाबाई आतून म्हणाल्या, "बजेटमधे बसतंय का."